चिखलात टिकलेलं पान

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तुझ्या काळजात धस्स होईल, मग तू चष्मा शोधायला लागशील, आणि तो डोक्यावरच सापडेल. म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकते, मी धडधाकट आहे, हातपाय जागच्या जागी आहेत आणि कुणाचं काही वाईट झालेलं नाही. हॉस्टेलवर असताना मी तुला पानंच्या पानं लिहायचे, आणि तू नुकतीच शिक्षिका झाल्याच्या तोऱ्यात माझ्या चुका लाल शाईने दुरुस्त करून तेच पत्र परत पाठवायचीस. खाली शेरा असायचा, ‘अक्षर सुधारावे’. अक्षर काही सुधारलेलं नाही. पण या वेळी लाल पेन लांब ठेव आणि एका बैठकीत सगळं वाच. भावोजींना वाचून दाखवू नकोस. निदान लगेच तरी नको.

तू इथे एकदाच आलीस, तेही आईला सोडायला, आणि दुसऱ्याच दिवशी डासांना कंटाळून गेलीस. तेव्हा जशा होत्या तशाच या खोल्या आहेत. वर माझ्या दोन, खाली प्रयोगशाळा, मागे धक्का आणि धक्क्याला बांधलेली होडी. खिडकीबाहेर खाडी, आणि खाडीपलीकडे नजर जाईल तिथपर्यंत कांदळवन. खाऱ्या हवेने कुलपं गंजतात, साखरेचे खडे होतात, आगपेटीतली काडी तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेटते. भरती असली की झाडं गळ्यापर्यंत पाण्यात उभी असतात आणि ओहोटीला त्यांचे पाय उघडे पडतात. कांदळाची मुळं खोडातूनच फुटून कमानीसारखी चिखलात उतरतात. तिवराची मुळं तर जमिनीतून उलटी वर येतात, पेन्सिली टोकं वर करून रोवून ठेवाव्यात तशी. खालच्या चिखलात हवाच नसते, म्हणून बिचारी मुळं नाक बाहेर काढून श्वास घेतात.

तुझ्या लेकीच्या लग्नात तू माझी ओळख करून देत होतीस, “ही माझी धाकटी बहीण, झाडाखालचा पाचोळा तोलते.” लोक हसत होते, मीही हसत होते. त्यात खोटं काही नव्हतंच. झाडांच्या फांद्यांखाली, भरतीचं पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर आम्ही बारीक जाळीच्या झोळ्या बांधतो. त्यात पानं, फुलं, काटक्या, शेंगा जे काय पडेल ते गोळा करायचं, भट्टीत वाळवायचं, निवडायचं आणि वजन करायचं. या खाऱ्या, दुर्गंधी चिखलात उभं राहून हे जंगल वर्षाला किती नवं पान तयार करतं, किती गाळतं, याचा हिशेब त्यातून लागतो. आणि ताई, ही झाडं दिसायला बुटकी, वेडीवाकडी, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही अशी; पण कामाला वाघ. बाराही महिने पान येतं, बाराही महिने पान गळतं. सुट्टी नाही.

आई इथे राहायला आली तेव्हा पहिला महिनाभर तिने नाक मुरडलं. “एवढं शिकून शेवटी केरच काढतेस,” म्हणाली. मग एक दिवस मी खालून वर आले तर ही जागेवर नाही. शोधलं, तर प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी बसून वाळलेल्या पानांतून काटक्या वेगळ्या करत होती. तेव्हापासून निवडण्याचं काम तिचंच झालं. पानं एका ताटात, फुलं दुसऱ्यात, शेंगा तिसऱ्यात. हात थरथरायचे, पण चूक व्हायची नाही. वाळलेल्या पानांचा एक वास असतो, चहापत्तीच्या डब्यासारखा. आईच्या बोटांना तो कायमचा लागला होता. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, पण फार बोलायचो नाही. मध्येच ती एखादं पान उजेडात धरून म्हणायची, “याला अळीने कसं सुबक खाल्लंय बघ.” तुला मी हे कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की म्हातारीला राबवते. राबवत नव्हते गं. तिला वाटायचं तिच्यावाचून माझं काम अडेल, आणि ते खरंच अडत होतं.

पाचोळ्याचं वजन हे अर्धंच काम. उरलेलं जमिनीखाली. साध्या जंगलात पान पडलं की वर्षा-दोन वर्षांत ते कुजतं आणि त्याने हवेतून घेतलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. इथे तसं होत नाही. इथे पान पडलं की खेकडा ते ओढून बिळात नेतो, भरती वरून गाळाचा पातळ थर पसरवते, आणि हवेविना ते नीट कुजतच नाही. थरावर थर बसत जातात. सगळ्या कांदळवनांना हे सारखं जमतं असं नाही, पण आमच्यासारख्या जुन्या जागी चिखलात इतका कार्बन दडलेला असतो की त्याच आकाराच्या साध्या जंगलाच्या तो कित्येक पट भरावा. तो मोजायला आम्ही एक लांब पोलादी नळी चिखलात खुपसतो आणि फिरवून बाहेर काढतो. नळीत मातीचा उभा काप येतो, वर तपकिरी, मग राखाडी, मग काळा, आणि सडक्या अंड्याचा वास असा की कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही. त्या काळ्या मातीत मला एकदा पान सापडलं. अख्खं नव्हे, अर्धं, पण शिरा स्पष्ट होत्या. वय काढायला पाठवलं तर ते कित्येकशे वर्षांपूर्वीचं निघालं. आपल्या पणजीच्या पणजीच्याही आधी झाडावरून पडलेलं ते पान माझ्या तळहातावर ओलंच्या ओलं होतं. आईला दाखवलं. तिने बराच वेळ ते पाहिलं आणि म्हणाली, “ठेवून दे परत, थंडी वाजेल त्याला.”

आई गेल्यावर तू म्हणालीस, आता आमच्याकडे ये. मी म्हटलं, काम आहे. होतंच काम. शिवाय कप्तान होता. कप्तान म्हणजे आमचा होडीवाला. त्याचं खरं नाव कचेरीच्या कागदांवर होतं, पण इथे सगळे त्याला कप्तानच म्हणायचे, आणि होडी एवढीशी असली तरी त्याचा रुबाब जहाजाचा होता. इंजिन सुरू व्हायच्या आधी त्याची जीभ सुरू व्हायची. गुडघे, जावई, सरकार, इंजिनाचं तेल, पुन्हा गुडघे. मी एकीकडे झोळ्या रिकाम्या करायचे आणि तो होडीत बसून जावयाला नावं ठेवायचा. कितीदा मी ओरडले असेन, “कप्तान, पाच मिनिटं गप्प बसा, माझं मोजमाप चुकतंय!” तो गप्प बसायचा आणि मग शिट्टी वाजवायला लागायचा, ते त्याहून वाईट.

गेल्या साली त्याच्या गुडघ्यांनी पार हात टेकले. ज्या जावयाचा त्याने जन्मभर उद्धार केला, तोच येऊन त्याला आपल्या घरी घेऊन गेला. जाताना कप्तान होडीशी उभा राहिला, इंजिनावर हात फिरवला आणि मला म्हणाला, “बाई, एकट्या जाऊ नका आत. चिखल माणूस ओळखत नाही.” मी हो म्हटलं. आमच्या कचेरीचा नियमही तोच आहे, की आत जाताना निदान दोघं हवीत. मी दुसरा माणूस मागितला. “बघू,” म्हणाले. मग पुन्हा मागितला. पुन्हा “बघू.” झोळ्या भरत होत्या, त्या वेळेवर रिकाम्या केल्या नाहीत तर पानं तिथेच कुजायला लागतात आणि वजन फुकट जातं. मी होडी चालवायला शिकले होतेच. एकदा गेले, काही झालं नाही. मग जातच राहिले.

आत किती शांत असतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. कप्तानच्या बडबडीखाली ती शांतता कधी ऐकूच आली नव्हती. ओहोटीला चिखलातून सारखा एक चटचट आवाज येतो, कढईत काहीतरी तडतडावं तसा. बारीक कोळंब्या आणि खेकडे असतात ते. मी त्या आवाजाशी बोलायला लागले. हसू नकोस. आधी आकडे मोठ्याने म्हणायचे, मग खेकड्यांना रागवायला लागले, मग कधीकधी कप्तानच्या जावयालाही दोन शब्द सुनावायचे, त्याची उणीव नको म्हणून. घरी आले की मात्र बोलायची वेळच यायची नाही. एकदा कुरियरवाला दारात आला आणि मी ‘कुठे सही करू’ असं विचारायला गेले, तर घशातून आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं की परवापासून तोंडातून शब्द गेलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. समुद्राच्या बाजूला जंगलाची जी शेवटची कड आहे, तिथे गाळ साचून नवी जमीन तयार होतेय आणि तिच्यावर कोवळी रोपं उभी राहिलीत. कांदळाचं बी झाडावर असतानाच उगवतं, लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि मग खाली पडून चिखलात रुततं. तिथला चिखल आत्ता कुठे कार्बन साठवायला लागला असेल, त्याचे काप मला हवे होते. मोठी ओहोटी पाहून गेले. होडी कडेच्या जुन्या कांदळाला बांधली, फोन होडीतल्या डब्यात ठेवला, म्हणजे भिजायला नको, आणि नळी खांद्यावर टाकून चालत सुटले. नळी आत सहज गेली. बाहेर काढताना मी सगळा जोर लावला, ती सुटली, पण माझाच उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर भार दिला, तर डावाही गेला. नवा गाळ तो, त्याला धरच नव्हता. इतकी वर्षं मी इथे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगत आले, की अडकलात तर हिसके देऊ नका. मी पुष्कळ हिसके दिले.

मग पाणी फिरलं. भरतीचं पाणी आधी ओहळांतून येतं, आवाज न करता. मी हाका मारल्या. खाडीच्या मुख्य पात्रातून वाळू वाहणारी एक मोठी होडी, पडाव म्हणतात तिला, चालली होती. तिच्यावरची माणसं मला दिसत होती, एक जण चहा पीत होता, ताई, कप दिसत होता मला. पण त्यांच्या इंजिनापुढे माझा आवाज कुठला पोहोचायला. मी ओरडत राहिले, आवाज बसेपर्यंत, आणि पडाव वळणाआड गेला.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आवाज गेल्यावर मी हिशेब करायला लागले. सवयच ती. आज आपण परतलो नाही, तर कुणाला कळेल? प्रयोगशाळेचा पहारेकरी सुट्टीवर. कचेरीतून फोन आला तर आला, आणि मी उचलला नाही तर त्यांना वाटणार बाई आत गेल्यात. तू रविवारी करतेस, तोही दर रविवारी नाही. सगळी माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आणली, आणि कुणाचंच माझ्यावाचून लगेच अडत नव्हतं. पाणी कमरेपर्यंत आलं. कोमट होतं. पायांना चिखलाची गार, घट्ट मिठी होती आणि, कसं सांगू, मला भीती वाटेनाशी झाली. मी खटपट थांबवली. दमले म्हणून नाही गं. दमले असते तर तसं लिहिलं असतं. मला वाटलं, असू दे. वाईट नाही ही जागा, इथे सगळं टिकतं. मी हात पाण्यावर सोडून नुसती उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही, आणि मनात कुणाचाही चेहरा नव्हता. आईचाही नाही.

मग एक लाट आली. मोठी नव्हे, लांबून गेलेल्या दुसऱ्या एखाद्या पडावाची असेल, पण पाणी तोवर खांद्यापर्यंत आलं होतं. ती तोंडावर फुटली, नाकात पाणी गेलं, आणि मला असा काही ठसका लागला, असा संताप आला, की बस. अंगाने मला विचारलंच नाही. ते आपलं आपण कामाला लागलं. मी मागे रेलले, पाठ पाण्यावर टाकली, नळी आडवी करून काखांखाली धरली. पाणी चढल्यामुळे चिखल सैल झाला होता. पाय बुटांतून हळूहळू उपसले. बूट आतच राहिले. तशीच पाठीवर सरपटत, पाण्यावर तरंगत कांदळाच्या मुळांपर्यंत आले आणि त्या कमानीवर चढून बसले, माकडासारखी. तळवे शिंपल्यांनी कापले होते. तिथे बसून मी हसत होते की हुडहुडी भरली होती, मला माहीत नाही.

मग होडी गाठून घरी आले, आंघोळ केली, जखमांवर औषध लावलं, नळी धुऊन जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तुझ्या नातवाचा पहिला दात पडला होता आणि तो दात गिळला की हरवला यावरून घरात रण माजलं होतं. तू सगळं सांगितलंस, मग म्हणालीस, “तुझा आवाज का बसलाय?” मी म्हटलं, सर्दी. “वाफ घे,” म्हणालीस, “आळस करू नकोस, आत्ता घे.” तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. मला सर्दी नव्हती, ताई. पण मी उठले, पातेल्यात पाणी उकळलं, डोक्यावर टॉवेल घेतला आणि वाफ घेतली. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून घेतली. आणि त्या टॉवेलखाली जी रडले, ती पाणी गार होईपर्यंत रडत होते. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते.

त्यानंतर कप्तानला फोन केला, वाटलं त्याला सांगावं. त्याने मला तोंडच उघडू दिलं नाही. जावयाच्या घराला जिने किती आहेत आणि जावई कसा त्याला पाठीवर घेऊन चढतो, हे सांगत बसला, आणि शेवटी म्हणाला, “माणूस तसा वाईट नाही हो.” आनंदात होता. मी ऐकून घेतलं आणि ठेवला. मग कचेरीत कळवलं, की दुसरा माणूस मिळेपर्यंत मी आत जाणार नाही. साहेब म्हणाले, “मग या महिन्याची नोंद कोरी राहील.” मी म्हटलं, राहू दे. इतक्या वर्षांत ती कधी कोरी राहिली नव्हती. आई गेली त्या आठवड्यातही मी जाऊन आले होते. आत्ता मी हे लिहितेय तेव्हा आत झोळ्या भरतायत, काही ओसंडल्याही असतील. खिडकीतून तिकडे बघवत नाही, म्हणून टेबल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलेय.

पाय अडकले याची मला भीती वाटत नाही. तो अपघात होता, यापुढे काळजी घेईन. भीती वाटते ती मधल्या त्या वेळाची, जेव्हा मी खटपट थांबवली आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून अंगातून गेलेलं नाही. सकाळी चहा करताना येतं, जिना चढताना येतं, आणि इथे ते बोलायला कुणी नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू विचारतेस “कशी आहेस” आणि माझ्या तोंडून “मजेत” निघून जातं, मला अडवताच येत नाही. म्हणून लिहिलं. लिहिलेलं मागे घेता येत नाही. मी रजा टाकली आहे आणि शुक्रवारच्या गाडीने तुझ्याकडे येतेय. किती दिवस ते ठरवलेलं नाही. पोरांच्या खोलीत, हॉलमध्ये, कुठेही पथारी चालेल. सगळ्यांसमोर काही विचारू नकोस, आपण दोघीच असू तेव्हा विचार, आणि मी थातुरमातुर काही बोलले तर पुन्हा विचार. तुमच्या तिथल्या चांगल्या डॉक्टरचं नावही काढून ठेव, मनाच्या डॉक्टरचं. मी टाळाटाळ करेन, तू ऐकू नकोस. गाडी संध्याकाळी पोहोचते. तू स्टेशनवर यायची तसदी घेऊ नकोस, सामान थोडंच आहे, पत्ता पाठ आहे, मी माझी येईन. नाही, ताई. ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तूच ये.

तुझीच,
धाकटी